ट्रकचं तोंड

माणिकरावांची जीभ एकदा उताराला लागली की तिला ब्रेक लागत नसे. ट्रकचे ब्रेक ते पंधरवड्याला एकदा तपासून घेत. जिभेचं काही कधी मनावर घेतलं नाही, आणि त्यापायीच त्या पौषात सगळं घर कामाला लागलं.

झालं असं, की कापसाची खेप आदिलाबादच्या बाजारात रिकामी करून ते लेकीच्या सासरी डोकावले. चंद्रभागेची पहिली खेप. रिवाजाप्रमाणे बाळंतपण माहेरी व्हायचं, पण पोर आठव्यातच जगात यायला निघाली. सासरीच झाली, नातीचं बारसंही सासरीच झालं. इकडे गुडीहत्नूरजवळच्या त्यांच्या गावात जयवंताबाईंनी जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवून ठेवल्या होत्या, बाज विणून घेतली होती, डिंकाचे लाडू केले होते. लाडू डब्यात तसेच होते आणि बाजेवर मांजर झोपत होतं. सव्वा महिना झाला, आता तरी पोरीला आणा, हा एकच धोशा त्यांनी लावला होता.

विहीणबाई म्हणजे रेणुकाबाई, नवऱ्यामागं एकटीनं पोराला शिकवून कचेरीत चिकटवलेली बाई. त्यांनी कांबळ्यात गुंडाळलेली नात छातीशी धरली होती आणि त्यांचं म्हणणं एकच होतं.

"होळी होऊ द्या ईवाई, मंग न्या. पोर अदुगरच येवढुशी हाय. बसच्या खिडक्यायले काचा नाईत, जीप त चौबाजूनं उघडी. पान्याच्या बकेटीवर सकाळी पापुद्रा धरते का काय असं वाटून राह्यलं अन् तुमी लेकराले रस्त्यानं नेता?"

बोलणं अगदी खरं होतं. माणिकरावांनी 'बरं' म्हणून चहा पिऊन उठायचं. पण दाराशी त्यांचा ट्रक उभा होता, आणि ट्रक डोळ्यांपुढं असला की हा माणूस गप्प बसत नसे.

"बस कायले अन् जीप कायले?" ते म्हणाले. "आपला ट्रक मिलिटरीचा हाय ईहीनबाई. लिलावात घेतला. बर्फाच्या डोंगरावर चाललेला गडी हाय तो. आत हिटर हाय, हिटर! गरम हवा फेकते. लेकरू घामेजून जाईन."

"खरंच?" आतून चंद्रभागेनं विचारलं. तिचा आवाज असा काही आला की माणिकरावांना पुढचं बोलावंच लागलं.

"खरंच म्हंजे? परवा घेऊन येतो. हात लावून पाहा."

रेणुकाबाईंनी त्यांच्याकडं नीट पाहिलं. "या परवा. मी सोता आत बसून पाहीन. हवा गरम आली त पोरगी न्या. नाई आली त होळीपर्यंत हिचं नाव काढाचं नाई."

माणिकराव खाकरले आणि ट्रककडं गेले. तो हिटर त्यांनी आयुष्यात एकदाच चालताना पाहिला होता, लिलावाच्या दिवशी, भर मे महिन्यात. तिथल्या शिपायानं बटण दाबून घुर्र करून दाखवला होता आणि जमलेली माणसं उकाड्यात हसून लोळली होती. पहिला हिवाळा आला तेव्हा बटण दाबलं तर काही घुर्र झालं नाही. मर्द गड्याला घोंगडी पुरते, असं म्हणून माणिकरावांनी तो विषय मिटवला होता.

घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं. 'परवा पोरगी येते' एवढं ऐकूनच जयवंताबाई चुलीपुढून उठल्या आणि बाजेवरच्या मांजराला हाकललं.

"पन त्याच्या अदुगर तो हिटर सुदरवा लागते," माणिकराव म्हणाले.

"कोनता हिटर?"

"अवं ट्रकच्या आत समोर ती लंबी फट नाई का, काचेच्या खाली? त्याच्यातून हवा येते. आत पंखा हाय."

जयवंताबाई उभ्या होत्या त्या हळूच खाली बसल्या. जराशानं म्हणाल्या, "मी काय म्हंते, राहू द्या. होळी काई दूर नाई. होळीलेच आनू."

माणिकराव बघतच राहिले. महिनाभर जिनं कान किटवले, तीच आता होळीचं म्हणते! बायकांच्या मनाचा ठाव लागत नाही, असं स्वतःशी म्हणून त्यांनी भाकरी खाल्ली आणि ते महिपतकडं गेले.

महिपत मोटारी बांधायचा. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारीत नवी तार भरणं हा त्याचा धंदा. आपल्या हातात गुण आहे असं तो दिवसातून कैकदा सांगायचा, गिऱ्हाईक नसलं तर बायकोला सांगायचा. गुण होताही, पण तो उजेडात यायच्या आधी तीन वस्तू मोडत.

दुसऱ्या दिवशी ऊन अंगणात उतरलं तसा तो पान्यांची थैली घेऊन आला. कानाला मफलर, तोंडातून वाफ. ट्रकला एक चक्कर मारली, टायरला लाथ घातली.

"काय गा, हवा पाहाले नाई बलावलं तुले," माणिकराव म्हणाले.

"जनावराले अदुगर वळख देवा लागते भाऊ." महिपत आत चढला, बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. मग कान लावून दाबलं. "करंट येऊन नाई राह्यला," त्यानं निकाल दिला.

करंट कुठवर येतो ते बघायला त्यानं थैलीतून तार जोडलेला एक बल्ब काढला. ट्रॅक्टरवर तो नेहमी वापरायचा. एक टोक लोखंडाला आणि दुसरं बटणामागच्या तारेला लावलं, तोच पांढराफटक उजेड पडला आणि बल्ब फट्कन गेला.

"येतो की लेका करंट," माणिकराव म्हणाले.

"येतो बाप्पा. डबल येतो. दोन बॅटऱ्या हायेत नाई का मिलिटरीच्या गाडीले! तुमी सांगाचं न्हवं का?"

"बल्ब तुहा, गुन तुहा. मी कायले सांगू?"

मग महिपतनं दोन बल्ब एकामागं एक जोडले. आता ते शहाण्यासारखे पेटले. करंट बटणापर्यंत येत होता. तिथून तो एका चपट्या डबीत शिरत होता, आणि बाहेर निघत नव्हता. डबी उघडली तर आतला फ्यूज जळून काळा झालेला.

"सापडलं!" महिपतनं आरोळी दिली. जयवंताबाई चहा घेऊन आल्या होत्या, त्यांनी कपबश्या सांभाळत विचारलं, "झालं का? आता तेवढंच बदलाचं ना? उघडा-फाकाचं नाई ना काई?"

"कायचं उघडाचं वैनी! पाच मिनटाचं काम."

जयवंताबाईंनी सुटकेचा श्वास टाकला. महिपतनं बारीक तारेचा फ्यूज बांधला, डबीत बसवला आणि बटण दाबलं. आतून 'उं' असा दबलेला आवाज आला, खाटेखाली अडकलेल्या माणसानं द्यावा तसा, आणि टिच् करून तार गेली.

दुसरी बांधली. उं, टिच्. तिसरी जाड बांधली, तर बटणामागून धुराची रेघ निघाली. माणिकरावांनी झडप घालून बटण बंद केलं.

"ट्रक जाळतं का आता?"

महिपत गप्प झाला. आणि तो गप्प झाला म्हणजे डोकं चालू लागलं, हे माणिकरावांना ठाऊक होतं. त्यांनी त्याला बिडी दिली. बिडी अर्धी झाली तेव्हा महिपत म्हणाला, "भाऊ, मोटारीची तार सोडून पाहू."

त्यानं डॅशबोर्डाखाली हात घालून मोटारीकडं जाणारी तार सुटी केली आणि बारीक फ्यूज लावून बटण दाबलं. फ्यूज शाबूत राहिला. तार पुन्हा जोडली, टिच्.

"म्हंजे पाहा, तारीत खोट नाई, बटनात खोट नाई. करंट मोटारीत जाते अन् मोटर फिराले पाह्यते, पन तिले कोनीतरी धरून ठेवलं हाय. बैल खुट्याले बांधला अन् वरून चाबूक मारला, तशी गत. ते पत्र्याचं खोकं उघडा लागते."

"उघड."

"उघडू नोका!" जयवंताबाई अंगणातून ओरडल्या. दोघांनी वळून पाहिलं. त्यांच्या हातात सूप होतं, सुपात ज्वारी नव्हती. त्या नुसतंच सूप धरून उभ्या होत्या. "म्हंजे, गंजलेलं असंन. हाताले लागंन तुमच्या," त्या म्हणाल्या.

"तू जाय बरं घरात," माणिकराव म्हणाले.

त्या गेल्या नाहीत. पाठ वळवून रिकामं सूप पाखडत राहिल्या.

खोकं डॅशबोर्डाच्या खाली आतल्या अंगाला होतं. महिपत उताणा होऊन सरपटत आत शिरला. त्याचे नुसते पाय दाराबाहेर दिसत होते, थंडीनं तडकलेल्या टाचा. स्क्रू गंजले होते. घासलेट सोडलं, पान्यानं टकटक केलं. एक स्क्रू निघाला, दुसरा निघाला. तिसरा निघता निघता पत्रा आपोआप उघडला आणि आतला सगळा ऐवज महिपतच्या तोंडावर आला.

पाय एकदम आखडले. आत डोकं आपटल्याचा आवाज झाला. एक उंदीर महिपतच्या छातीवरून, पोटावरून, मांडीवरून धावत दाराबाहेर उडी मारून पळाला. मागून महिपत निघाला. तोंडावर कापूस, तागाचे धागे, उंदराच्या लेंड्या आणि मिशीला चिकटलेला काहीतरी काळा चुरा.

"थूः थूः! काय हाय हे?" त्यानं थुंकता थुंकता जीभ फिरवली आणि थांबला. "भाऊ," तो हळू म्हणाला, "गोड हाय."

माणिकरावांनी आत हात घातला. दगडासारखे काळे तुकडे निघाले, एकावर एक बसलेले. नाकाशी धरले. गूळ, विलायची. पंख्याच्या पात्यांमध्ये हे थर आणि त्याभोवती उंदरांनी पिढ्यान्पिढ्या विणलेलं घरटं. शेवटी बोटाला एक चकचकीत पट्टी लागली. ती उन्हात धरली. लाल बेगड होती. पोळ्याला बैलांच्या शिंगांना चिकटवतात ती.

माणिकरावांनी हळूच मान वळवली. अंगणातलं सूप थांबलं होतं.

"चंद्राची माय?"

जयवंताबाईंनी सूप खाली ठेवलं. रडवेल्या झाल्या होत्या, पण मान वरच होती.

"मंग काय करू? चांद्या अन् तांब्या इकले तुमी. ट्रक आनला. पोळा आला त दारात खांदा शेकाले, जेवाचं आवतन द्याले बैल नाई. म्या हळद-लोनी घेतलं अन् याच्या चाकाच्या वरती, खांद्याच्या जागी लावलं. म्हनलं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. तुमी ते पाह्यलं अन् पारावर जाऊन साऱ्यायले सांगतलं. गाव हासलं. तुमी सगळ्यायहून जादा हासले. म्हनले, जेवाले येईन पन तोंड कुठं हाय त्याले? आता आवतन त देऊन बसली होती मी. आवतन देऊन उपाशी ठेवाचं का दारातल्याले? म्हून म्या तोंड शोधलं. ती फट दिसली. दर पोळ्याले एक पुरनाची पोळी घडी करून, वर बेगडीची पट्टी लावून सारत गेली. ते खाऊन राह्यला असंच वाटे मले. दुसऱ्या साली पाह्यलं त पोळी नाई."

"उंदरायनं नेली असंन," महिपत म्हणाला. मिशी पुसायचं तो विसरला होता.

माणिकराव ट्रकच्या पायरीवर बसले. पारावर सांगितलेलं त्यांना आठवत होतं. मोठं रंगवून सांगितलं होतं. बैल विकले त्या दिवशी ही बाई गोठ्याच्या रिकाम्या गव्हाणीत हात घालून बसली होती, तेही आता आठवलं. काहीतरी चांगलं बोलायला हवं होतं. हातातली बेगड त्यांनी चिमटीत सरळ केली.

"बरं झालं," ते म्हणाले. "आपल्या घरी उपाशी नाई राह्यला गडी."

महिपतला आधी हसू फुटलं. मग माणिकरावांना. जयवंताबाईंनी डोळ्याला पदर लावला होता, तो तसाच तोंडात कोंबला, पण हसू काही आत राहिलं नाही. शेजारणी चुली सोडून कुडाजवळ आल्या, काय झालं म्हणून. कोणीच नीट सांगू शकलं नाही.

मग तिघंही कामाला लागले. जयवंताबाईंनी केसाचा आकडा काढून दिला, त्यानं पात्यांमधलं पुरण खरवडलं. वर्षावर्षाचं पुरण निघालं. तळचं अगदी कोळसा, वरचं अजून तांबूस. पंखा मोकळा झाला तशी महिपतनं शिलाई मशीनचं तेल सोडलं आणि पातं बोटानं फिरवलं. आधी कुरकुरलं, मग सैल फिरलं.

"मोटर जळली नाई पाहा," तो म्हणाला. "फ्यूजनं सोताचा जीव देल्ला अन् तिले वाचवली. आता दाबा बटन, आपल्या हातात गुन हाय."

बटण दाबताच फटीतून पहिला फवारा धुळीचा आला आणि गुण असलेला माणूस पुन्हा काळा झाला. मग पंखा घुर्र करून चालू लागला. फ्यूज टिकला. माणिकरावांनी हात धरला आणि त्यांचं तोंड उतरलं. हवा येत होती, पण थंडगार.

"इंजन चालू करा, तापू द्या," महिपत म्हणाला. इंजिन तापलं. हवा थंडच. महिपतनं हात टेकले. "मोटर माही, गरमी माही नाई."

आता पाळी माणिकरावांची होती. इंजिन त्यांच्या हातचं होतं. खोक्यातून दोन रबरी नळ्या निघत होत्या. त्यांनी हात लावला, एक नळी सुरुवातीला गरम होती, पुढं गार. जिथं गार झाली तिथं बोटानं चाचपलं, तर मळाखाली पितळेचा छोटा कॉक. कधीकाळी उन्हाळ्यात कोणा शिपायानं बंद केलेला असेल. इंजिनाचं तापलेलं पाणी तिथंच अडत होतं. घासलेट टाकून, गोड बोलून, शेवटी शिवी देऊन तो फिरवला. नळी थरथरली. सांध्यातून पाणी ठिबकू लागलं, त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून बांधली.

"तू ये," त्यांनी बायकोला हाक मारली. "तूच पाह्य."

जयवंताबाई पदर खोचून वर चढल्या. फटीपुढं तळवा धरला.

"चांद्याच्या तोंडापुढं सरकीची ढेप धरली का असाच ऊन श्वास येये हातावर," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर आदिलाबादच्या गल्लीत ट्रक उभा राहिला. रेणुकाबाई शब्दाच्या पक्क्या. लेकाच्या, म्हणजे सुधाकररावांच्या खांद्याचा आधार घेऊन त्या वर चढल्या. आधी तळहात धरला, मग उलटा हात. समाधान झालं नाही. "हातावर भरवसा नाई," म्हणून त्यांनी बाळाचं नुकतंच धुतलेलं लंगोट मागवलं आणि फटीपुढं ताणून धरलं. सगळ्यांचे डोळे लंगोटावर. सुधाकरराव पायरीवर, चंद्रभागा दारात बाळ घेऊन, माणिकराव स्टेअरिंग घट्ट धरून. लंगोटातून वाफ निघाली. रेणुकाबाईंनी ते उलटवलं. थोड्या वेळानं गालाला लावून पाहिलं. वाळलं होतं.

पण त्यांचं नाक हुंगत होतं. "हा वास कायचा, ईवाई? पोळी तव्यावर टाकल्यासारखा?"

माणिकरावांनी तोंड उघडलं. सांगण्यासारखी इतकी चांगली गोष्ट त्यांच्याजवळ उभ्या आयुष्यात आली नव्हती. आणि त्यांनी तोंड मिटलं. जिभेला ब्रेक होता म्हणायचा.

चंद्रभागेनं मात्र डोळे मिटून श्वास घेतला आणि हसली. "मायच्या पोळीचा वास हाय," ती म्हणाली. "चाल न बाबा लवकर."

"थांबा," रेणुकाबाई म्हणाल्या. माणिकरावांचा जीव वर गेला. "मी बी येते. रस्त्यात बंद पडला त लेकराले कोन पाहीन? अन् मले बी थंडी वाजून राह्यली."

अशी स्वारी निघाली. आत तिघं आणि तान्ही. सुधाकररावांना जागा उरली नाही. ते मागं बारदानाच्या ढिगात गोधडी पांघरून बसले आणि गुडीहत्नूर येईतो त्यांच्या कचेरीतल्या ऐटीचं काही शिल्लक राहिलं नाही. आत रेणुकाबाईंनी आधी शाल काढली, मग कानाचा रुमाल सोडला, आणि मग व्याह्यांच्या खांद्यावर डोकं पडेल याचंही भान न ठेवता घोरू लागल्या.

दारात जयवंताबाई भाकरतुकडा आणि तांब्या घेऊन उभ्या होत्या. चंद्रभागा दार उघडून उतरणार, तेवढ्यात माणिकरावांनी सवयीनं इंजिन बंद केलं. घुर्र थांबलं आणि वाटभर निजलेली पोर टाहो फोडून रडू लागली. थोपटलं, ऐकेना. दूध दिलं, घेईना.

"चालू करा ते!" दोन्ही आज्या एकदम म्हणाल्या.

इंजिन चालू झालं. पंखा घुरघुरला. पोर गप्प. पुन्हा बंद करून पाहिलं, पुन्हा रडं. तेव्हा जयवंताबाईंनी भाकरतुकडा ट्रकभोवतीच फिरवून ओवाळून टाकला, डब्यातले लाडू घेतले आणि त्याही वर चढल्या. सुधाकररावही कुडकुडत आत घुसले. दार लागलं. काचेवर आतून वाफ धरली. लाडू फुटल्याचं, हसल्याचं, विहिणी-विहिणींनी एकमेकींना आग्रह केल्याचं ऐकू येत होतं. आत मांडीला मांडी लावूनही एका माणसाला जागा नव्हती, आणि ते म्हणजे ट्रकचे मालक.

माणिकराव खाली उतरून अंगणात उभे राहिले. थंडी चांगली बोचत होती, डिझेल जळत होतं, आणि इतकं बरं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. उद्या नातीच्या पायगुणाचं पुरण शिजणार होतं. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. गल्लीत कोणी नव्हतं. मग त्यांनी घरात जाऊन शिंक्यावरचं लोणी बोटभर आणलं, पुढच्या चाकाच्या वर, खांद्याच्या जागी हळूच चोळलं. पत्रा कोमट होता आणि हाताखाली थरथरत होता.

"आज आवतन घ्या," ते पुटपुटले, "उद्या जेवाले या."

खिडकीची काच सर्रकन खाली झाली. जयवंताबाईंचं तोंड बाहेर आलं, गालात लाडू.

"जोरानं म्हना," त्या म्हणाल्या. "पंख्याच्या आवाजात त्याले आयकू नाई आलं."

माणिकरावांनी एकदा पाराकडं पाहिलं, आणि मग गल्लीतल्या साऱ्या चुलींपर्यंत जाईल अशा आवाजात म्हटलं.